हद्दवाढीनंतरची साडेचार वर्षे

पूर्वेकडून ड्रोनने टिपलेल्या या दृश्यात पुणे महापालिकेची हद्द कोठे संपते, हे डोळ्यांना ओळखता येत नाही. नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती वाघोलीपर्यंत सलग दिसतात आणि त्यांच्यामध्ये शेतीचे तुकडे उरले आहेत. हद्द असते ती सरकारी अधिसूचनेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ अन्वये राज्य सरकार अशी अधिसूचना काढते आणि त्यानंतर गाव महापालिकेत जाते.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या या महापालिकेत १९९७ साली ३८ गावे घेतली गेली आणि त्यांतली काही पुढे वगळण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली, ३० जून २०२१ रोजी आणखी २३. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, खडकवासला, सूस, म्हाळुंगे ही या शेवटच्या यादीतली नावे. त्या दिवशी महापालिकेचे क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले.

ही इमारत यांपैकीच एका गावाची ग्रामपंचायत होती. दारावर आता महापालिकेचा फलक आहे, पण रंगाखालून जुनी अक्षरे अजून वाचता येतात. टेबलावरची नोंदवही म्हणजे नमुना ८, गावातल्या घरांची कर आकारणी जिच्यात लिहिली जाई. गाव समाविष्ट होताच हे सगळे दप्तर महापालिकेच्या ताब्यात गेले, सरपंच आणि सदस्यांचे पद संपले आणि ज्या ग्रामसभेत कोणीही मतदार उभा राहून हिशेब विचारू शकत असे, ती ग्रामसभाही संपली. त्या जागी काय आले, हा या माहितीपटाचा प्रश्न आहे.

२०१७ मध्ये आलेल्या ११ गावांना मिळून २०१९ च्या पोटनिवडणुकीत दोन नगरसेवक मिळाले. २३ गावांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १४ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असताना निवडणूक लांबत राहिली.

दरम्यान नकाशे मात्र तयार होत होते. आता दिसणारा मोठा नकाशा जवळून पाहण्यासारखा आहे. बारीक रेषांनी आखलेले लहान चौकोन म्हणजे जनगणनेचे प्रगणक गट, एका प्रगणकाने मोजायच्या घरांचे समूह. प्रभाग रचनेत हे गट फोडायचे नसतात, ते जोडत जोडत प्रभाग पूर्ण करायचा असतो. क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, ईशान्येकडे आणि पूर्वेकडे सरकतात आणि दक्षिणेला संपतात. हद्द नदी, नाला, रस्ता, लोहमार्ग अशा सहज ओळखू येणाऱ्या खुणांवरून न्यायची असते आणि प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा साधारण दहा टक्क्यांहून कमी-जास्त ठेवायची नसते. निळ्या ओढ्याच्या मधोमध गेलेली ही जाड रेषा पाहा. वस्ती एक, बसथांबा एक, पण ओढ्याच्या दोन काठांवरची घरे दोन प्रभागांत गेली आहेत.

२०२२ साली एका प्रभागातून तीन सदस्य निवडण्याची पद्धत धरून ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवकांची रचना झाली होती. सरकार बदलले, पद्धतही बदलली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यावर ऑगस्टमध्ये नवे प्रारूप प्रसिद्ध झाले, हरकती व सूचना आल्या, सुनावण्या झाल्या आणि अखेर ४१ प्रभाग व १६५ नगरसेवक ठरले. या दोन्ही रचनांना आधार एकाच जनगणनेचा होता, २०११ च्या. ज्या गावांत गेल्या दहा-बारा वर्षांत टोलेजंग गृहसंकुले उभी राहिली, त्यांची लोकसंख्या कागदावर मात्र तेव्हाचीच धरली गेली. म्हणजे इतक्या काटेकोर नियमांनी समान केलेले प्रभाग प्रत्यक्षात समान नाहीत, आणि यात सर्वाधिक तोटा या समाविष्ट गावांचाच आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि २३ गावांतील मतदारांनी प्रथमच नगरसेवक निवडले. तोपर्यंतच्या साडेचार वर्षांत करवाढीवरून आंदोलने झाली, टँकरच्या फेऱ्या चालू राहिल्या, या गावांचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आणि नागरी सुविधा महापालिकेकडे अशी विभागणी झाली आणि फुरसुंगी व उरुळी देवाची ही २०१७ मध्ये आलेली दोन गावे सप्टेंबर २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

येत्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ अखेर गोठवण्यात आल्या आहेत, त्यामुळे मार्च २०२७ पर्यंत तरी नवी हद्दवाढ होणार नाही. कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी हा वेळ पुरेसा आहे. पुढच्या वेळी गाव समाविष्ट करणारी अधिसूचना निघेल, तेव्हा त्या गावाचे मतदान किती महिन्यांत व्हायचे, याची मुदत त्याच अधिसूचनेत लिहिलेली असली पाहिजे आणि ते मतदान होईपर्यंत ग्रामसभा चालू ठेवली पाहिजे.