खुर्ची उलटी करून पाहा

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमधल्या लिलावात ‘जॉर्जियन महोगनी’ अशी चिठ्ठी लावलेली खुर्ची दिसली, की आधी ती उलटी करायची. पाठीचं कोरीवकाम नंतर बघू. लंडनचा फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेल, त्याचे नमुने 1754 साली छापून आले आणि पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यांच्या नकला ढिगानं झाल्या. नुसत्या नमुन्यावरून वय कसं ठरणार?

जॉर्जियन काळ म्हणजे 1714 ते 1830. वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात 1721 मध्ये उठली आणि जमैकाची महोगनी लंडनच्या सुतारांना परवडू लागली. जड, घट्ट कणांचं लाकूड. बारीक नक्षी धरून ठेवणारं.

आता खालची बाजू. करवतीच्या खुणा सरळ हव्यात. गोलाकार खुणा असतील तर ते यंत्राच्या चक्री करवतीचं काम, म्हणजे बहुधा नंतरचं. स्क्रूचं टोक अणकुचीदार असेल तर तो 1840 नंतरचा. अर्थात दुरुस्तीत बसवलेलाही असू शकतो, तेवढ्यावर निकाल देऊ नका. पाठीची मधली फळी जिथे बैठकीला टेकते, तिथला छोटा ठोकळा बघा. जुन्या कामात तो बैठकीखालच्या मागच्या पट्टीवर वेगळा बसवलेला असतो. नकलांत बऱ्याचदा पट्टीतूनच कोरलेला. बैठक उचलता येत असेल तर पट्टीवर पटाशीनं खोदलेला रोमन आकडा शोधा. खुर्चीवर सहा आणि बैठकीच्या चौकटीवर चार, म्हणजे संचात अदलाबदल झालेली. आकडा नऊ असेल तर संच निदान नऊ खुर्च्यांचा होता.

खुर्ची डुगडुगते ती बहुतेक मागच्या पायाच्या सांध्यात. माणसं मागे रेलून पुढचे पाय उचलतात, सगळा ताण तिथे येतो. खिळा मारू नका, लाकूड चिरतं. पांढरा गोंदही नको. पुढच्या वेळी सांधा सुटणारच नाही, फुटेल. सांधा उकलून जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद, कोमट ओल्या फडक्यानं पुसून काढा. नवा सरस दुहेरी भांड्यात, म्हणजे बाहेरच्यात गरम पाणी आणि आतल्यात सरस, साठ अंशांच्या आसपास ठेवा. उकळला की त्याची पकड जाते. क्लॅम्प आवळण्याआधी बैठकीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत, आणि चारही पाय सपाट फरशीवर टेकतात ना, ते बघा. सरस वाळल्यावर तिरकी खुर्ची सरळ होत नाही, पुन्हा उकलावी लागते.