कोळशाने जमिनीचं बंधन कसं तोडलं

दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस साधारण 75 ते 100 वॅट एवढीच ताकद देऊ शकतो. हजारो वर्षं जगाची बहुतेक कामं याच ताकदीवर चालली. जोडीला बैल, घोडे, पाणचक्क्या आणि जहाजाची शिडं. उष्णतेसाठी लाकूड.

मेख इथेच होती. माणसाचं धान्य, जनावरांचा चारा, चुलीचं सरपण, भट्टीचा लाकडापासून केलेला लोणारी कोळसा, सगळं त्याच जमिनीतून यायचं. लोखंड जास्त हवं, तर जंगल जास्त तोडा. घोडे वाढवायचे, तर धान्याचं शेत चाऱ्याला द्या. राज्य कितीही श्रीमंत असो, वाढ इथे येऊन अडायची. जमीन आणि माणसं ज्याच्या ताब्यात, त्याचीच सत्ता. गुलामगिरीमागे क्रौर्य होतं, तशी स्नायूंच्या ताकदीची हावही होती.

इंग्लंडमध्ये सरपण महागलं आणि लोक दगडी कोळशाकडे वळले. तो जमिनीखालून यायचा, त्यासाठी शेत किंवा जंगल अडत नसे. 1700च्या सुमारास तिथली जवळपास निम्मी ऊर्जा कोळशातून येत होती. खाणीत नीट चालणारं वाफेचं इंजिन तेव्हा अजून यायचं होतं! खाणी खोल गेल्या, त्यांत पाणी भरू लागलं. 1712 मध्ये थॉमस न्यूकॉमेनने डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर पाणी उपसणारं इंजिन बसवलं. इंधनातली जेमतेम एक टक्का ऊर्जा त्यात कामी यायची. पण खाणीच्या तोंडाशी कोळशाचा चुरा जवळजवळ फुकट पडलेला असे, म्हणून ते परवडलं. कोळसा उपसायला कोळसाच जाळायचा, हे चक्र इथून फिरू लागलं.

जेम्स वॉटने 1769 मध्ये वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या वेगळ्या भांड्याचं, पेटंट घेतलं. त्याच कामाला आता कितीतरी कमी कोळसा पुरू लागला. मग कोळशाचा खप घटला का? उलट वाढला. चालवायला स्वस्त झालेलं इंजिन गिरण्यांत शिरलं, पुढे रुळांवर धावलं. या समृद्धीची किंमत कुणी मोजली, हेही सांगायलाच हवं. स्त्रियांना आणि 10 वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आली ती 1842 मध्ये.

विजेची गोष्ट वेगळी. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झालं, पण कारखान्यांचं उत्पादन काही लगेच उसळलं नाही. मालकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवली, एवढंच. सगळी यंत्रं फिरवणारा छताखालचा लांब दांडा तोच, पट्टे तेच. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, तेव्हा कुठे यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली. अमेरिकेत याचं खरं फळ दिसलं ते 1920च्या दशकात. नवी ऊर्जा हाताशी आली तरी कामाची मांडणी बदलायला एक पिढी जावी लागली. आज सौर आणि पवनऊर्जेची घाई करताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणखी एक गोष्ट आपण सहज विसरतो. नवं इंधन आलं म्हणून जुनं गेलं, असं जगाच्या पातळीवर फारसं घडलेलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ब्रिटनने आपलं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद केलं. त्याच वर्षी जगाने 8 अब्ज टनांहून अधिक कोळसा वापरला. 1900 मध्ये हा आकडा एक अब्ज टनांच्याही आत होता. आणि आजही 200 कोटींहून अधिक माणसांचा स्वयंपाक लाकूड, शेण किंवा कोळशाच्या धुरात होतो. त्यांच्या घरापर्यंत स्वच्छ इंधन अजून पोचलेलंच नाही.