माकड, पाच तत्त्वं आणि चीनचे बादशाह

नमस्कार मंडळी. आज आपल्याला चीनमध्ये जायचंय आणि सुरुवात करूया एका माकडापासून. सुन वुकोंग त्याचं नाव, 'पश्चिमेकडची यात्रा' या कादंबरीतला, जिची सगळ्यात जुनी पूर्ण छापील प्रत १५९२ ची आहे. तर हा पठ्ठ्या एकदा दारू पिऊन झोपलेला असतो आणि झोपेतच यमाचे दूत येतात, दोरीने बांधतात आणि फरफटत न्यायला लागतात. यम म्हणजे आपलाच यम बरं का, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. वुकोंगची उतरते, आजूबाजूला बघतो आणि भडकतो. मी तिन्ही लोकांच्या पलीकडचा, पाच तत्त्वांच्या बाहेरचा, यमाचा माझ्यावर हक्कच काय? आणि नुसता बोलून थांबत नाही, आत घुसून मरणाच्या वहीतलं स्वतःचं नाव खोडतो, जाता जाता बाकीच्या माकडांचीही खोडून टाकतो.

पुढे स्वर्गात राडा करतो, कोणाला आवरत नाही, शेवटी बुद्ध पैज लावतात की माझ्या तळहातावरून उडी मारून बाहेर जाऊन दाखव. वुकोंग एका कोलांटीत आकाशाच्या टोकाला पोचतो, तिथे त्याला पाच खांब दिसतात, एका खांबावर आपण येऊन गेलो असं लिहितो आणि दुसऱ्याच्या बुडाशी चक्क लघवी करून परत येतो. ते खांब कोणाची बोटं होती हे तुम्ही ओळखलंच असेल. मग बुद्ध हात पालथा करतात आणि त्या पाच बोटांचे धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती असे पाच डोंगर होऊन वुकोंगवर पडतात. पाच तत्त्वांच्या बाहेरचा म्हणणारा पाच तत्त्वांच्याच डोंगराखाली पाचशे वर्षं दाबून बसला. मला विचाराल तर चिनी फँटसीची अर्धी गंमत या एका जोकमध्ये आहे.

त्याला सोडवतो तो भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. खरा ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला, इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर बदला घेतात असं त्याने लिहून ठेवलंय. असो, हे जरा विषयाबाहेर गेलं.

तर ही पाच तत्त्वं. आपण लगेच म्हणतो, हां, पंचमहाभूतं! पण नाही. आपली पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिन्यांच्या यादीत वायू नाही, आकाश नाही, त्याजागी लाकूड आणि धातू. आणि गंमत म्हणजे आपल्याकडची यादीही चीनमध्ये पोचली होती, बौद्ध ग्रंथांबरोबर पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा ही चौकडी गेली आणि 'चारही महाभूतं शून्य' हा वाक्प्रचार आजही चिनी लोक वापरतात. पण तिने जुन्या पाचांना हलवलं नाही, दोन्ही याद्या शेजारी शेजारी सुखाने नांदल्या. कारण चिनी पाचांचं काम मुळात वेगळंच होतं. जग कशाचं बनलंय यापेक्षा कशानंतर काय येतं आणि कोण कोणाला भारी पडतं, याचा तो हिशेब आहे. लाकडातून आग, आगीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून पुन्हा झाड. हा जन्माचा फेरा. दुसरा फेरा भांडणाचा, त्यात पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू लाकूड कापतो, लाकूड मातीत घुसतं, माती पाणी अडवते. दगड-कागद-कात्री खेळतो ना आपण, तसंच, म्हणजे कायमचा वरचढ कोणीच नाही.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल की छान आहे, कविता आहे. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात झोऊ यान नावाच्या विचारवंताने हाच भांडणाचा फेरा राजघराण्यांना लावला, आणि तिथून प्रकरण सीरियस झालं. दंतकथेतल्या पीत सम्राटाची माती, मग श्या घराण्याचं लाकूड, त्याला कापणारा शांग घराण्याचा धातू, त्याला वितळवणारी झोऊ घराण्याची आग, म्हणजे पुढचा जो कोणी येईल तो पाण्याचा असणार! इसपू २२१ मध्ये छिन शी हुआंगने सगळा चीन एक केला आणि सांगितलं, पाणी म्हणजे मीच. पाण्याचा रंग काळा, म्हणून कपडे काळे, झेंडे काळे. पाण्याचा आकडा सहा, म्हणून अधिकाऱ्यांच्या टोप्या सहा इंची, रथ सहा फुटी, रथाला घोडे सहा. पीत नदीचं नाव बदलून पाण्याच्या नावाने ठेवलं. आणि पाणी म्हणजे थंडी, अंधार, कडकपणा, म्हणून कायदेही कडक, दयामाया नाही! जुना इतिहासकार सिमा छियान हे सगळं लिहितो आणि वाचताना वाटतं की हा माणूस एखाद्या फँटसी गेममधला व्हिलन डिझाइन करतोय, पण हा खरा बादशाह होता आणि ती टोपी खऱ्या माणसांना घालायला लागायची.

छिन घराणं पंधरा वर्षांत गेलं. मग हान आले, त्यांनी आधी पाणीच चालू ठेवलं, इसपू १०४ मध्ये सम्राट वू ने ठरवलं की आपण माती, पिवळा रंग, आकडा पाच, आणि पुढे पंडितांनी भांडणाऐवजी जन्माचा फेरा धरून हिशेब बदलला आणि हानांना आगीचं घराणं करून टाकलं. मग इसवी सन १८४ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा बंडखोरांनी डोक्याला काय बांधलं? पिवळे फेटे. आगीतून मातीच येणार ना! म्हणजे रंगाचा एक कपडा बांधला की तुमचा काळ संपला हे न बोलता कळत होतं.

आणि मिंग घराण्याने तर नावांतच हे घुसवलं. युंगलो सम्राटाच्या नावात लाकडाचं चिन्ह, त्याच्या मुलाच्या नावात आगीचं, नातवाच्या मातीचं, मग धातू, मग पाणी, पुन्हा लाकूड. असे दोन फेरे पूर्ण झाले आणि तिसरा लाकडापाशी असताना १६४४ मध्ये घराणंच बुडालं. बीजिंगच्या राजवाड्यात बहुतेक छपरं पिवळी, पण १७७६ मध्ये बांधलेल्या ग्रंथालयाचं छप्पर काळं आहे, काळा म्हणजे पाणी, पुस्तकांना आग लागू नये म्हणून.

पण सगळे काही मान डोलावत बसले नव्हते हं. पहिल्या शतकात वांग चोंग नावाचा एक खवचट लेखक होऊन गेला, मला तो फार आवडतो. बारा वर्षांच्या बारा प्राण्यांनाही तेव्हा तत्त्वं वाटून दिलेली, उंदीर पाण्याचा, घोडा आगीचा, कोंबडा धातूचा, ससा लाकडाचा. वांग चोंग विचारतो, पाणी आगीला हरवतं ना, मग उंदीर घोड्याच्या मागे का लागत नाही? कोंबडा सशाला का टोचत नाही? आणि त्याच्याही आधी मोझी नावाच्या विचारवंताच्या अनुयायांनी साधी गोष्ट लिहिली होती की पाच तत्त्वं एकमेकांना नेहमीच हरवत नाहीत, आग भरपूर असेल तर धातू वितळतो, पण धातू भरपूर असेल तर तो निखारे चिरडून टाकतो. प्रश्न किती आहे याचा, कोण आहे याचा नाही. सुन झीच्या युद्धशास्त्रातही तेच, पाचांतलं कोणीच कायम जिंकत नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण फँटसीत नेमकी इथेच माशी शिंकते. जुन्या लेखकांना हे कळलं होतं. मिंग काळातलीच दुसरी एक कादंबरी आहे, देवांच्या नेमणुकांची, तिच्यात एक बुटका जमिनीतून पाण्यातल्या माशासारखा पळतो, त्याचं तत्त्व माती. आणि एक सेनापती आहे खोंग श्वान, त्याच्या पाठीतून पाच रंगांचा प्रकाश निघतो आणि पाच तत्त्वांत मोडणारं काहीही, तलवार असो, जादूचा दागिना असो, माणूस असो, गपकन ओढून घेतो. आता याला हरवणार कसं? जास्त ताकदवान आग आणून? छे. पश्चिमेकडून एक साधू येतो, तोही आधी त्या प्रकाशात ओढला जातो, पण पचत नाही, आणि शेवटी कळतं की खोंग श्वान म्हणजे एक मोर आहे, साधू त्याच्यावर बसून निघून जातो. कसली भारी सुटका आहे ही! विसाव्या शतकात जिन युंगनेही मार्शल आर्ट्सच्या कादंबरीत एका पंथाच्या फौजेला धातू, लाकूड, पाणी, आग, माती अशा पाच तुकड्या दिल्या, त्यात लाकूडवाले ओंडके फेकतात, मातीवाले भुयारं खणतात, म्हणजे तत्त्व हे तिथे घाम गाळायचं काम आहे.

आत्ताच्या चिनी वेब कादंबऱ्यांत मात्र पोराच्या अंगात कुठल्या तत्त्वाचं 'मूळ', म्हणजे जादू शिकायची उपजत कुवत, आहे याची लहानपणीच टेस्ट होते, एकच मूळ असेल तर टॉपर, चार-पाच असतील तर ढ. २००८ पासून ऑनलाइन आलेल्या एका गाजलेल्या मालिकेतला हान ली असाच चार मुळांचा, धातू सोडून सगळं असलेला, आणि म्हणून कोणी त्याला विचारत नाही. म्हणजे बघा, ज्या विचारात पाचही लागतात त्याचं यांनी एंट्रन्स एक्झाम करून टाकलं! हान लीची स्टोरी चालते कारण तो डोकं लावतो, औषधी पिकवतो, वेळ आली की पळून जातो. बाकी ढीगभर कादंबऱ्यांत नुसती लेव्हल वाढते, आगवाला पाण्यावाल्याला हरवतो आणि का हरवतो हे लेखकालाही माहीत नसतं. पुढच्या वेळी असलं काही वाचताना तो मोझीवाल्यांचा प्रश्न विचारून बघा, आग किती होती आणि धातू किती. उत्तर पानात सापडलं तर पुढे वाचा, नाहीतर सोडून द्या, पुढे अजून दोन हजार भाग असतात.