सामन गळाला लागला की नुसता अडकला? वेडरवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी! सप्टेंबर लागला की कमेंट ठरलेल्या. "दादा, वेडरवर सामन चढले का?" "पहिल्यांदाच जातोय, काय काय घेऊ?" म्हणून आज तेवढंच.

ब्रिटिश कोलंबियातली चिलिवॅक नदी वेडर क्रॉसिंगचा पूल ओलांडून खाली आली की तिला वेडर म्हणतात. व्हँकुव्हरपासून पूर्वेला साधारण १०० किलोमीटर. सप्टेंबर ते नोव्हेंबर सामनच्या कोहो, चिनूक, चम या जाती, आणि विषम आकड्याचं वर्ष असेल तर पिंकसुद्धा.

सामान पटापट. दहा फुटांच्या आसपासची रॉड, १५ पौंडी तंगूस, फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बोंड), त्याखाली शिसं, स्विव्हल (फिरती कडी), लीडर, गळ. कोहोला २ नंबरचा गळ, चम-चिनूकला १/०. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, इथे नदीत तो कायदाच आहे. लायसन्स गोड्या पाण्याचं, आणि सामन ठेवायचा असेल तर त्यावर सामनचं वेगळं शुल्क. समुद्राचं लायसन्स इथे चालत नाही, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. नियम हंगामाच्या मध्येच बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री मत्स्य खात्याच्या सूचना वाचा. झालं सामान.

आता लीडर. स्विव्हलपासून गळापर्यंतचा तुकडा. तो दीड ते दोन फुटांचा ठेवा. "पण शेजारचा माणूस दहा फुटी लावतो आणि त्याला धडाधड लागतात!" अहो, त्याला लागत नाहीत, त्याचे अडकतात.

काय होतं बघा. नदीत शिरलेल्या सामनने खाणं जवळपास सोडलेलं असतं. तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तोंड उघडतो, मिटतो. लांब लीडर तळालगत आडवा वाहत येतो, दोरी त्या उघड्या तोंडात शिरते आणि सरकत जाते. शेवटी गळ जबड्यात बाहेरच्या बाजूने रुततो. माशाने आमिषाकडे पाहिलंही नाही. याला फ्लॉसिंग म्हणतात.

पटत नसेल तर मासा किनाऱ्याशी आला की गळ बघा. खरा चावलेला असेल तर गळ तोंडाच्या आतून लागलेला दिसतो. टोक बाहेरून आत गेलं असेल तर समजा, दोरीने ओढला. आणि पोटात, पाठीत, शेपटीत कुठेही लागला असेल तर तो ताबडतोब सोडायचा, कायद्याने. फ्लॉस केलेला मासा निदान तोंडाला लागलेला असतो, मुद्दाम केलं हे सिद्ध करणं अवघड, म्हणून हा प्रकार खपून जातो.

किंवा माणसाकडेच बघा. फ्लोट बुडालेला नसतानाही जो प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडला हिसका मारतो, तो मासा चावायची वाट बघतच नाहीये. तुम्ही फ्लोट खाली गेला तरच रॉड उचला.

त्यासाठी खोली जमली पाहिजे. गाबोळीचं आमिष तळापासून फूटभर वर हवं. शिसं इतकंच की फ्लोटचं फक्त टोक वर राहील. फ्लोटचा वरचा भाग प्रवाहाच्या दिशेने कलला की समजायचं शिसं तळाला घासतंय. खोली कमी करा, अर्धा फूट एका वेळी. फ्लोट सरळ उभा राहून पाण्याच्या वेगाने चालला पाहिजे. दोरी ताणून धरलीत तर आमिष वर उचललं जातं आणि माशांच्या डोक्यावरून जातं.

लागला की "फिश ऑन!" ओरडा. आजूबाजूचे दोऱ्या गुंडाळतात. दुसऱ्याला लागला की तुम्हीही गुंडाळायच्या, हे विसरू नका.

मग ओळख. कोहोच्या हिरड्या पांढुरक्या, ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या भागावर. चिनूकच्या हिरड्या काळ्या, ठिपके शेपटीच्या दोन्ही भागांवर. मोठा चिनूक ठेवला तर नोंद तिथल्या तिथे. कोहोच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघा. तो कापलेला असून जखम भरलेली असेल तर मासा हॅचरीतला, म्हणजे माणसाने पैदास करून सोडलेला. पर शाबूत म्हणजे जंगली, तो सोडायचा. सोडायचा मासा वाळूवर ओढू नका. हात ओले करा, कल्ल्यांना बोट लावू नका, गळ पाण्यातच काढा, तोंड प्रवाहाकडे धरा, स्वतः जाईपर्यंत.

एक कमेंट हमखास येते: "आमच्याकडे वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात चढणारे मासे काठीने मारतात, इथे एवढं काय?" वलगणीचे मासेही अंडी घालायलाच चढतात. आणि पॅसिफिक सामन तर अंडी घालून मरतो, त्याला पुढचं वर्ष नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उथळ पाण्यात खड्यांचा स्वच्छ, फिकट पट्टा दिसला तर ते घरटं आहे. त्यात पाय ठेवायचा नाही, तिथल्या माशांवर गळ टाकायचा नाही.

दुसरी कमेंट मला जास्त खटकते: "फ्रेझर नदीवर आदिवासी जाळी लावतात, मग आम्हालाच नियम का?" कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या स्पॅरो खटल्यात क्रम लावून दिलाय. आधी माशांचं संवर्धन, मग फर्स्ट नेशन्सची (म्हणजे इथल्या आदिवासींची) अन्न, समाज आणि विधींसाठीची मासेमारी, आणि आपण हौशी त्यानंतर. घटनेच्या ३५ व्या कलमातला हक्क आहे तो, सवलत नव्हे. यावर वाद घालायचा तर आधी निकाल वाचून या.

शेवटचं, गाबोळी. चमची मादी मारून गाबोळी काढायची आणि मासा काठावर फेकायचा, हे वेडरवर सर्रास दिसतं. ठेवलेला मासा वाया घालवणं गुन्हा आहे. अंगावर जांभळट पट्टे आलेल्या चमचं मांस फिकं आणि मऊ पडतं, तळायला मजा नाही, धुरी द्यायला चालतं. तेवढं करायची तयारी नसेल तर मादी सोडा आणि आमिषाची गाबोळी दुकानातून घ्या.