एक कोयता, दोन माणसे

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीचे पोते, एखादी शेळी आणि लेकरे चढवून माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि त्याही पुढे कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. या माणसांची मोजणी कोयत्यांवर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

प्रत्येक टोळीच्या मुकादमाकडे, म्हणजे मजूर जमवून कारखान्याला पुरवणाऱ्या माणसाकडे, एक वही असते. एका ओळीत नाव, पुढे उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची रक्कम, त्याखाली खाड्यांची वजावट. नाव नवऱ्याचे असते. पहाटे अंधारात फडात उतरणारी, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई या हिशेबात अर्धा कोयता म्हणून धरलेली आहे; तिच्या नावाची वेगळी ओळ मात्र कुठेही नाही.

तिच्याजवळ बँकेचे पासबुक बहुधा असते. २८ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान जनधन योजना सुरू झाली, तेव्हापासून उघडलेल्या खात्यांपैकी निम्म्याहून अधिक महिलांची आहेत. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतातल्या ३५ टक्के प्रौढांकडे खाते होते, २०२१ मध्ये ७८ टक्क्यांकडे. ही वाढ खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु २०२१ च्या त्याच पाहणीत, ज्यांच्याकडे खाते होते त्यांतल्या ३५ टक्के लोकांनी वर्षभरात त्यात एकदाही पैसे भरले नव्हते किंवा काढले नव्हते, आणि बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त होते. म्हणून खाते कोणाकडे नाही, एवढेच विचारून भागत नाही. अडीनडीला बँक कोणाच्या उपयोगी पडत नाही, हे विचारावे लागते.

आषाढ-श्रावणात हाताला काम नसते. घरात आजारपण निघते, लग्न ठरते. बँक तारण मागते, उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि मुकादम दारात येऊन रोख रक्कम देतो. ती उचल अंगावर घेतली की पुढचा हंगाम बांधला गेला. फिटली नाही, तर बाकी त्यानंतरच्या हंगामावर चढते. बचत गटाचा मार्ग आहे, पण गटाला बँकेचे कर्ज मिळायचे तर नियमित बैठक आणि नियमित बचत लागते. वर्षातले पाच-सहा महिने जी बाई कारखान्याच्या तळावर कोपीत राहते, तिने गावातल्या बैठकीला यायचे कसे? गरिबांसाठी आखलेली ही व्यवस्थासुद्धा माणूस एका जागी राहतो असे धरूनच चालते, आणि आमच्या मते खरी अडचण इथे आहे.

जमिनीचेही तसेच आहे. पीककर्ज सातबारा पाहून मिळते, त्यामुळे दुसऱ्याचे रान बटाईने कसणाऱ्याला ते सहसा मिळत नाही. नवऱ्यामागे शेती सांभाळणाऱ्या विधवेला वारसनोंद होईपर्यंत ताटकळावे लागते. पारधी समाजाची गोष्ट त्याहून जुनी आहे. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पालावर राहणाऱ्या कुटुंबाला आजही रहिवासाचा पुरावा जमवता येत नाही. भामरागड किंवा धडगावसारख्या डोंगराळ आदिवासी तालुक्यांत बँकेच्या एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते.

मार्ग निघत नाही असे मात्र नाही. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवड येथे रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, तर रक्कम फार लहान म्हणून बँका तिचे खाते उघडेनात. तिथल्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. सभासद निरक्षर आहेत, या कारणावरून पहिला अर्ज नाकारला गेला. तेव्हा त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बचत गोळा करायला या बँकेची माणसे बायकांच्या दारापर्यंत जातात. हातावर पोट असलेल्या बाईची मजुरी त्यामुळे बुडत नाही, म्हणून ही गोष्ट फार मोलाची आहे.

गुढीपाडव्याच्या सुमारास ट्रॉल्या बीडकडे परततात. पैसे काढायला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या लहानशा यंत्रावर बाई अंगठा ठेवते. महिनोन्‌महिने ऊस धरून आणि पाचट ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसा जुळत नाही. ती पदराला हात पुसते आणि अंगठा पुन्हा काचेवर दाबते. आताही जुळला नाही, तर तिचेच पैसे तिच्याच खात्यात राहतील, आणि दवाखान्यासाठी ती संध्याकाळी मुकादमाच्या दारात उभी असेल.