आधी रंग, मग कात्री

नमस्कार श्रोतेहो.

समुद्राखालचं चित्र म्हटलं की घरोघरी एकच पद्धत असते. पांढऱ्या कागदावर पेन्सिलनं मासे काढायचे, ते रंगवायचे आणि उरलेल्या जागेत निळा भरायचा. माशाच्या कडेनं ब्रश फिरतो, निळा रंग आत शिरतो, पिवळा मासा हिरवा होतो आणि मूल रडकुंडीला येतं. यावरचा उपाय चार शब्दांचा. आधी रंग, मग कात्री. कागद आधी रंगवायचा, वाळवायचा आणि मग त्यातून मासा कापायचा.

ही युक्ती ज्यानं शिगेला नेली, त्या आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सांगते. १९५२चा उन्हाळा. फ्रान्समधलं नीस शहर, तिथली होटेल रेजिना ही इमारत. चित्रकार ब्याऐंशी वर्षांचा. १९४१ साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली, तेव्हापासून बराचसा वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत. उभं राहून मोठाली चित्रं रंगवणं सुटलेलं, पण हातातली कात्री सुटली नव्हती. मदतनीस मुली कोऱ्या कागदाला गवाश रंग देऊन ठेवायच्या. गवाश म्हणजे आपल्या पोस्टर कलरचा थोरला भाऊ. तो वाळलेला कागद हातात आला की आजोबा पेन्सिलची रेघ न मारता सरळ कात्री चालवायचे.

तर त्या उन्हाळ्यात त्यांना पाण्यात सूर मारणारी माणसं पाहायची लहर आली. सहायिका लिदिया देलेक्तोर्स्काया त्यांना घेऊन जवळच्या कान शहरातल्या एका पोहण्याच्या तलावावर गेली. ऊन असं रणरणतं, की बसवेना. दोघं माघारी फिरली. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, माझा तलाव मीच करतो!

जेवणाच्या खोलीच्या भिंतींना गोणपाट लावलेलं होतं. हो, गोणपाटच. त्यावर डोक्याच्या जरा वर, खोलीभर पांढऱ्या कागदाची पट्टी फिरवली. उंची साधारण सत्तर सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फूट. मग निळ्या कागदातून एकेक पोहणारा सुटू लागला. आजोबा कापणार, मदतनीस टाचणीनं भिंतीवर लावणार, आजोबा लांबून बघणार आणि सांगणार, थोडं डावीकडे, अजून थोडं खाली. कुणी सूर मारतोय, कुणी पट्टीबाहेर झेपावतोय, मध्येच एखादा तारामासा. गंमत बघा, काही ठिकाणी निळा म्हणजे माणूस आणि काही ठिकाणी निळा म्हणजे पाणी! एकच रंग, तरी डोळ्यांना पाणी दिसतं. सगळ्या पट्ट्या मिळून लांबी सोळा मीटरच्या वर गेली.

पण गोष्टीचा शेपटाचा भाग मला जास्त आवडतो. १९७५ साली हा कागदी तलाव न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं घेतला. पुढे पंचाईत झाली. कागद बरा होता, दगा दिला गोणपाटानं. ते काळवंडलं, ठिसूळ झालं, निळ्यापांढऱ्याचा उठाव गेला. वीस वर्षांहून जास्त काळ तो तलाव लोकांना दिसलाच नाही. शेवटी तज्ज्ञांनी जुनं गोणपाट काढलं, नवं लावलं, आणि २०१४मध्ये तो पुन्हा भिंतीवर आला. म्हणून पाठीमागचा कागद निवडताना कंजूषपणा नको. खाकी पुठ्ठा, वर्तमानपत्र यांत आम्ल असतं, चित्र वरून चांगलं राहिलं तरी ते मागून पिवळं पडत जातं.

आता आपला समुद्र. चित्राच्या पायासाठी तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद घ्या. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद ओला झाला की पापडासारखा फुगतो. चारी कडा चिकटपट्टीनं बोर्डवर पक्क्या करा. वरच्या कोपऱ्यातून तिरप्या रेषांत पांढरी मेणबत्ती घासा. मेणावर रंग बसत नाही, तेच तुमचे प्रकाशाचे झोत. मग स्वच्छ पाण्यानं कागद भिजवा आणि जलरंग सोडा. वर फिका, किंचित हिरवट निळा, मध्ये गडद निळा अल्ट्रामरीन, तळाला काळपट निळा प्रशियन ब्लू. साचलेलं पाणी ओसरलं, पण कागद अजून चमकतोय, नेमक्या त्या घडीला चिमूटभर खडेमीठ भुरभुरा. लवकर टाकलं तर विरघळून जातं, उशीर झाला तर काहीच होत नाही. मिठाचे खडे भोवतालचं रंगीत पाणी ओढून घेतात आणि फिकट चांदण्या उमटतात. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाका. राहिलं तर दमट हवेत ओल धरतं आणि फेव्हिकॉल सुटतो.

माशांसाठी साधा झेरॉक्सचा कागद. त्यावर पोस्टर कलर. श्रीखंडासारखा नको, बासुंदीसारखा हवा. जाड थर कागद वाकवताना तडकतो. हिरवा थर ओला असताना त्यावरून जुना कंगवा ओढा, शेवाळ आपोआप तयार. सगळे कागद वजनाखाली वाळवा. आणि मग कात्री. पुन्हा सांगते, आधी रंग, मग कात्री.

मासे आपल्या बाजारातले करा हो! पापलेट चंदेरी, चौकटच्या एक्क्यासारखं. सुरमईच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे. बांगड्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेनं काळसर ठिपक्यांच्या ओळी. मुलांना ताटातला मासा ओळखता येतो, चित्रात मात्र सगळे एकाच छापाचे नारिंगी. डोळ्याला टिकली लावू नका, तिचा गोंद महिन्यात सुटतो. आणि चमकीबद्दल तर बोलायलाच नको, ती आठवडाभर आमटीत सापडते.

लाल रंग जपून. पाण्यात खोल जाताना उजेडातला लाल सगळ्यात आधी नाहीसा होतो, निळा सगळ्यात शेवटी. म्हणून लाल-नारिंगी फक्त अगदी पुढे, जवळच्या प्रवाळाला. मागचे मासे लहान, फिके, निळसर आणि कडा पुसट.

चिकटवायची घाई नको. आधी टाचण्या, मग फेव्हिकॉल. मांडणी टाचण्यांवर लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा, फोनवर फोटो काढून ठेवा. फेव्हिकॉल दोन भाग, पाणी एक भाग, फक्त मागच्या बाजूला, मधून कडेकडे. जास्त पातळ केला तर कागद सुरकुततो. वरून ब्रश फिरवाल तर पोस्टर कलर पुन्हा ओला होऊन फासला जाईल. मागचे मासे पूर्ण चिकटवा, पुढच्या माशाखाली जाड पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा, म्हणजे सावली पडते. शेवाळाचा फक्त बुडखा चिकटवा, पाती मोकळी राहू द्या. पतंगाचा कागद वापरणार असाल तर त्याला गोंदाची कांडी. ओल्या गोंदानं त्याचा रंग सुटतो आणि पापलेट गुलाबी होतं.

तळाला चाळलेली वाळू, खाली निव्वळ फेव्हिकॉलचा थर. वाळूऐवजी रवा कुणी सुचवेल, ऐकू नका, मुंग्या लागतात. शाळेचा प्रकल्प असेल तर हे सगळं आदल्या रात्री अकराला सुरू करू नका. प्रकल्प मुलाचा आणि जागरण आईचं, हा कुठला न्याय? वाळू घट्ट धरायला अख्खी रात्र लागते. सकाळी चित्र तिरकं धरून टिचकी मारा, सुटी वाळू खालच्या वर्तमानपत्रावर पडेल.