तीन सा, एक गाणं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'नोटेशन सॉफ्टवेअर आणि ट्रान्सपोजिंग वाद्यं'. म्हणजे ज्यांच्या कागदावर एक स्वर आणि कानाला दुसरा येतो ती वाद्यं, आणि त्यांचे कागद लिहिणारं सॉफ्टवेअर. तिकडे येतोच. पण मालवणात समोर इतके पेटीवाले बसलेत, तर आधी मीच विचारतो. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बुवा ऐन वेळी म्हणाले, 'घसा बसलाय, काळी दोन नको, पांढरी दोन धर', तर तुम्ही वही नव्याने लिहिता? नाही ना. सा दुसऱ्या पट्टीवर हलला, सारेगम तेच. हसताय, म्हणजे बुवा ओळखीचे आहेत.

मग क्लॅरिनेटला कशाला बिचकायचं? त्याच्या कागदावर सी लिहिलेला असतो, कानाला येतो बी-फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. ऑल्टो सॅक्सोफोनचा सी ऐकू येतो ई-फ्लॅट, काळी दोन. सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ चं. ऑल्टो घ्या की टेनर, बोटं तीच, फरक कागदावर निस्तरायचा.

आता माझं दुखणं. एका देवळाच्या उत्सवात, नाव घेत नाही, न जाणो यजमान इथेच पहिल्या रांगेत बसलेले असतील, पाहुणे संयोजक शहरातून छापील कागद घेऊन आले. लॅपटॉपवर गाणं सुरेख वाजलं. रंगमंचावर पेटी पांढरी एकला, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट काळी पाचला, ऑल्टो काळी दोनला! सुरात होता तो एकटा ढोलकीवाला. आणि खापर कोणावर? वरातीत हयात घालवलेल्या आमच्या क्लॅरिनेटवाल्यावर. 'बॅरल ओढा जरा, ट्यून करा.' बॅरल म्हणजे क्लॅरिनेटचा तोंडाजवळचा जोड. अहो, तो आधीच अख्खा स्वर खाली वाजतोय. बॅरल ओढलं की आणखी उतरणार! तो बिचारा ओढतोय, संयोजक मान हलवतायत. शेवटी ठरलं काय, तर दमट हवेने रीड, म्हणजे क्लॅरिनेटची वेताची पातळ पट्टी, फुगलं. कोकणात हवेवर काहीही खपतं. खरं कारण एवढंच, की छापताना सॉफ्टवेअरमधलं 'कॉन्सर्ट पिच' चालू राहिलं होतं, म्हणजे सगळ्यांच्या कागदावर वाद्यानुसार न बदलता ऐकू यायचे तेच स्वर छापले गेले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर. म्यूझस्कोर हे नोटेशन सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात 'कॉन्सर्ट पिच'चं बटण खालच्या पट्टीवर आहे. लिहिताना चालू ठेवा, म्हणजे जे ऐकू येतं तेच दिसेल. छापण्याआधी बंद करा, प्रत्येकाचा सुटा कागदही उघडून बघा. हाताने स्वर सरकवू नका. क्लॅरिनेटवाला दुसऱ्या सुपारीला गेला तर त्या ओळीचं वाद्य बदलून बासरी करा, बाकी सॉफ्टवेअर बघेल. शुद्ध स्वरांचं गाणं काळी पाचमध्ये बांधलंत तर क्लॅरिनेटच्या कागदावर एकही शार्प, म्हणजे चढ्या स्वराची खूण, नाही, ऑल्टोला एक. पांढरी एकमध्ये तेच दोन आणि तीन. शेवटचं, टेनर सॅक्सही बी-फ्लॅटच, पण लिहिलेला तोच स्वर क्लॅरिनेटपेक्षा सप्तकभर खाली वाजतो, तेव्हा यादीत नुसतं 'सॅक्सोफोन' दिसलं म्हणून टिचकी मारू नका.